दलाली की दुकानदारी : गॅलवेहून आई-बाबांना पत्र

गॅलवे, आयर्लंड
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

कंपनीतली नोकरी सोडून मी ज्या ऑनलाइन दुकानात काम धरले आहे, ती शेवटी दलालीच नव्हे का, असे बाबांनी मागच्या आठवड्यात विचारले. फोनवर मला याचे उत्तर धड देता आले नाही. प्रश्न मात्र मला रास्त वाटतो, कारण घोंगडी विणणारा सणगर आणि ती पांघरणारा माणूस यांच्या मध्ये बसलेल्यांनी माणदेशात काय केले, हे बाबांनी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

दुकान एकाच कुटुंबाचे आहे. नवरा-बायको, त्यांचे दोन मुलगे आणि आजी असे सगळे मिळून ते चालवतात. वस्तू त्यांच्या स्वतःच्या नाहीत. डोनेगलमधले ट्वीड नावाचे जाड लोकरी कापड विणणारे, मोनॅहनमधल्या लेस करणाऱ्या बायका, वाळुंजीच्या फोकांच्या टोपल्या वळणारे, बौरान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा डफ मढवणारे, असे कारागीर आपला माल या दुकानात मांडतात आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा दुकानाला देतात. किंमत कारागीर ठरवतो. ती पाडून मागण्याची या घरात पद्धत नाही. बाईंचा निम्मा दिवस फोनवर जातो, कारण वयस्कर कारागिरांना ईमेलपेक्षा बोलणे सोयीचे पडते. धाकटा मुलगा छायाचित्रे काढतो, थोरला आणि वडील बांधाबांध करून पार्सले टपालात टाकतात. वस्तूंची माहिती लिहिणे आणि गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरे देणे हे माझे काम. बाबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर या लिहिण्यातच आहे, असे मला वाटते.

आई, तुला ॲरन स्वेटरचे उदाहरण लगेच कळेल. गॅलवेच्या उपसागराच्या तोंडाशी इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर अशी तीन ॲरन बेटे आहेत. तिथले हे न रंगवलेल्या, सायीच्या रंगाच्या जाड लोकरीचे स्वेटर. छातीवर मधोमध चौकटींची नक्षी, दोन्ही अंगांना पीळ दिलेल्या वेण्या, आणि प्रत्येक पिळासाठी काही टाके तिसऱ्या आखूड सुईवर अडकवून पुढे किंवा मागे धरायचे, मग उरलेले विणून ते परत घ्यायचे. चांगला हात असलेल्या बाईलाही एका स्वेटरला काही आठवडे लागतात. याच नमुन्याचा स्वेटर हाताने चालवायच्या विणयंत्रावर फार लवकर होतो आणि मोठ्या यंत्रावर त्याहूनही लवकर. छायाचित्रात तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून आमच्याकडे प्रत्येक वस्तूखाली ती सुयांवर विणली आहे, हातयंत्रावर की कारखान्यात, हे पहिल्याच ओळीत लिहिलेले असते. खात्री नसेल तर आजी स्वेटर उलटा करून शिवणी आणि लोकरीच्या गाठी बघतात, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय ती ओळ मी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. १८४५ ते १८५२ या काळात इथे बटाट्याच्या पिकावरच्या रोगाने दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यांचे पणतू-खापरपणतू अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत आणि आमचे बहुतेक गिऱ्हाईक तेच. ते फार मायेने लिहितात आणि पुष्कळदा विचारतात की आमच्या आडनावाची वीण कोणती. समजूत अशी आहे की बेटांवर प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असे आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचे प्रेत त्यावरून ओळखत. इतिहास असे सांगत नाही. १९०४ साली डब्लिनमध्ये रंगभूमीवर आलेल्या एका नाटकात बुडालेल्या तरुणाची ओळख त्याच्या मोज्यातल्या टाक्यांवरून पटते. त्या प्रसंगावरून ही समजूत वाढत गेली आणि विक्रेत्यांनी ती उचलून धरली. हे स्वेटर आज ओळखतो त्या रूपात विसाव्या शतकाच्या आरंभापलीकडे फारसे मागे जात नाहीत. १८९१ साली सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब भागांसाठी ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ स्थापले, त्याने मासेमारीबरोबर घरगुती उद्योगांनाही हात दिला, आणि बेटांवरच्या बायकांनी बाहेरून आलेल्या विणींत स्वतःची भर घालून हा नमुना घडवला. मला ही हकीकत त्या दंतकथेपेक्षा मोठी वाटते, कारण तिच्यात पोट भरण्यासाठी सुया हातात घेतलेल्या जित्या बायका दिसतात. घराण्याच्या विणीची चिठ्ठी जोडली तर विक्री नक्की वाढेल. तरी हे कुटुंब ती जोडत नाही, आणि विचारणाऱ्याला मी खरे तेच कळवते. काही जण मग दुसरीकडे जातात.

लोकरीबद्दलही आम्ही असेच सांगतो. बाबा, इथल्या मेंढपाळाला लोकरीच्या विक्रीतून कातरणीचा खर्चही निघत नाही, कारण इथल्या बहुतेक मेंढ्यांची लोकर राठ असते आणि स्वेटरसाठी मेरिनो जातीच्या मेंढ्यांची मऊ लोकर परदेशातून येते. ‘आयर्लंडमध्ये विणलेले’ याचा अर्थ ‘आयर्लंडच्या लोकरीचे’ असा होत नाही, म्हणून माहितीत दोन्ही रकाने वेगळे ठेवले आहेत. दख्खनी मेंढीच्या लोकरीला कोणी विचारत नाही ही तुमची तक्रार मी या घरात सांगितली, तेव्हा त्यांना त्यात काहीच नवे वाटले नाही.

असे दुकान या देशाला नवीन नाही. म्युरिअल गॅहन नावाच्या बाईंनी १९३० साली डब्लिनमध्ये ‘द कंट्री शॉप’ उघडले आणि खेड्यापाड्यांतल्या विणकरांचा माल राजधानीत मांडला. ते १९७८ पर्यंत चालले. आज फरक एवढाच की गिऱ्हाईक समुद्रापलीकडे आहे, आणि त्याची झळही बसते. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची माफी २९ ऑगस्टपासून बंद झाली. तेव्हापासून प्रत्येक पार्सलाचे शुल्क आधीच मोजावे लागते आणि कागदपत्रांचे काम फार वाढले आहे. नाताळ तोंडावर आल्यामुळे सध्या थोरल्याचा सगळा वेळ त्यातच जातो.

एक चांगली बातमीही आहे. सोलापुरी चादरीला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे मानांकन युरोपीय संघात आजवर फक्त खाण्यापिण्याच्या आणि शेतीच्या मालाला मिळत असे. येत्या १ डिसेंबरपासून ते हस्तकलेच्या वस्तूंसाठीही मागता येईल. ठिपक्याठिपक्यांच्या रंगीत लोकरी धाग्यांचे डोनेगल ट्वीड त्या नावाने कोणीही कुठेही विणू नये, अशी तिथल्या विणकरांची फार दिवसांची इच्छा आहे.

दुकान हिस्सा घेते, त्या अर्थाने ही दलालीच आहे, बाबा, आणि तो शब्द मी नाकारत नाही. पण माल कोणी केला, कशाचा केला आणि त्याला किती दिवस लागले हे झाकून ठेवल्यावर मधल्या माणसाला जो नफा होतो, तो हे लोक घेत नाहीत. कारागिराचे नाव आणि गाव आम्ही त्याच्या परवानगीने वस्तूसोबत छापतो. त्यामुळे गिऱ्हाईक उद्या थेट त्याच्याकडे गेले, तरी या घरात कोणी तोंड वाकडे करत नाही. म्हणून मला इथे काम करायला आवडते. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण घरखर्च नीट भागतो; त्याची काळजी करू नका.

आजींनी तुमच्यासाठी एक प्रश्न दिला आहे. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात हे मी सांगितल्यापासून त्यांना त्याविषयी फार कुतूहल आहे. खळ किती दाट शिजवतात, ती लावल्यावर ताणा किती वेळ वाळू देतात, आणि एका घोंगडीमागे विणणाऱ्याच्या हातात आज किती पैसे पडतात, एवढे बाबांनी म्हसवडच्या बाजाराला जाल तेव्हा एखाद्या सणगराला विचारून कळवावे. आई, तुझ्या छातीचे आणि बाहीचे माप त्याच पत्रात पाठव. तुला राठ लोकर खुपते, म्हणून मेरिनोचाच स्वेटर सांगणार आहे.

दोघांनी औषधे वेळेवर घ्यावीत.

तुमची लेक