जिल्हा स्पर्धेचं टायमिंग पण छापा की

संपादक साहेब, स.न.वि.वि.

शालेय मैदानी स्पर्धांची बातमी दरवर्षी येते, फोटोत पाहुणे, बातमीत पाहुणे, शेवटच्या ओळीत १५०० मीटरला पहिला कोण ते नाव, पण गडी किती मिनिटांत पळाला हे कुठल्याच पेपरात नसतं. मग पुढच्या वर्षीच्या पोरानं गाठायचं कुणाला?

अमेरिकेत जिम रायन होता, विचिटाच्या शाळेतला. आधी बेसबॉल, बास्केटबॉल सगळीकडून काढून टाकलेला. ५ जून १९६४ ला, वय १७, एक मैल म्हणजे १६०९ मीटर ३ मिनिटं ५९ सेकंदांत पळाला, चार मिनिटांच्या आत येणारा पहिला शाळकरी पोरगा, आणि गंमत बघा, त्या रेसमध्ये नंबर आला आठवा! नुसते पहिले तीन नंबर छापले असते तर रायनचं नाव कुणाला कळलं असतं का? पुढच्या वर्षी ३:५५.३, हे शालेय रेकॉर्ड थेट २००१ ला ॲलन वेबनं मोडलं. १९ व्या वर्षी तर ३:५१.३ चा वर्ल्ड रेकॉर्ड. त्याच्या मागोमाग १९६६ ला टिम डॅनियलसन, १९६७ ला मार्टी लिकोरी, दोघंही शाळकरीच, चारच्या आत आले, कारण आकडा सगळ्यांना पाठ होता.

आपल्याकडं पळणारी पोरं कमी नाहीत. सकाळी पाचला कुठल्याही ग्राउंडवर जावा, फक्कीनं आखलेला ट्रॅक, एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, बाकीचे १६०० मारतायत, चौथ्या राऊंडला तोंडाला फेस. म्हणजे मैलाला फक्त नऊ मीटर कमी! पण सगळं भरतीसाठी, साडेपाच मिनिटांत बसलं की झालं, आणि भरती झाली किंवा वय निघून गेलं की बूट खुंटीला. यातला एखादा सव्वाचारचा असला तरी त्याला सांगणार कोण?

माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला गेली, दहावी आली. तिचं नाव सगळ्या पोरींना माहितीये, पण ती शाळेत असताना किती पळायची हे विचारलं तर मास्तर लोकांनाही सांगता येणार नाही (त्यात मी पण आलो).

तर एवढंच करा, ८०० आणि १५०० चे पहिले आठ नंबर टायमिंगसकट छापा. जागा नसेल तर पाहुण्यांची नावं कमी करा, ते काय पळत नाहीत.

आपला,
एक रिटायर पीटी मास्तर, कोरेगाव, जि. सातारा