जाळीवरून उघडा तळहात फिरवणाऱ्या तात्यांना

ती. तात्या,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी सशांच्या पिंजऱ्याचे पैसे देताना मी "लई उपकार झाले" म्हणाले आणि तुम्ही "ऱ्हाऊ द्या ताई" म्हणत गाडीला किक मारलीत. माझं मन तेवढ्यानं भरलेलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. त्याला मध्येच थांबवू नका.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमची वस्ती कराड तालुक्यात, गावापासून लांब, तिन्ही बाजूंनी ऊस. सासूबाईंनी ससे पाळलेत. पांढरे, लाल डोळ्यांचे, पाळीव जातीचे. रानातला ससा नव्हे. तो धरायला आणि पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, हे आल्यागेल्याला त्या स्वतःच सांगतात. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात वळेना. हाताला काहीतरी चाळा ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. सशाच्या पाठीवरून हात फिरवणं हाच त्यांचा चाळा झाला आणि बोटं हळूहळू उघडायला लागली. हे ससे आमच्या घरात काय आहेत, ते यावरून समजा.

शेजारचा ऊस तुटला आणि कोल्हं आलं. फड उभा असतो तोवर त्याला लपायला जागा असते, खायला उंदीर-घुशी असतात. टोळीनं फड मोकळा केला की ते वस्त्यांकडं सरकतं. रात्रीत त्यानं पिंजऱ्याच्या बुडाशी उकरलं, जाळी दातानं फाडली आणि दोन ससे नेले. तिसऱ्याला ओरखडाही नव्हता, तरी सकाळी तो कोपऱ्यात मेलेला होता. ससा नुसत्या भीतीनंही मरतो. उरली एकटी चिमी. तिनं खाणं टाकलं. सशाचं तोंड अर्धा दिवस जरी हललं नाही, तरी त्याचं पोट बंद पडायला लागतं. सासूबाई लसूणघासाची एकेक काडी तिच्या तोंडाशी धरून दिवसभर बसून राहिल्या. दिवेलागणीला तिनं एक पान ओढलं, तेव्हा कुठं त्या जेवल्या.

आता ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्याबद्दलही बोलते, कारण राग अजून गेलेला नाही. तो पिंजरा ज्यानं विकला, त्यानं "ताई, किल्ला आहे किल्ला" असं म्हणून विकला होता. होती साधी कोंबडीजाळी, षटकोनी भोकांची. ती कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. फोन केला तर म्हणे, "ससे बाहेर ठेवताच कशाला?" आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद. दुसऱ्या एकानं विसार घेतला आणि परत तोंड दाखवलं नाही. तिसरा तोंडावर हसला: "तीनशेच्या सशाला एवढा पिंजरा?" एका ओळखीच्या गृहस्थांनी तर मटणात औषध घालून बांधाला ठेवायचा सल्ला दिला. ते औषध कोल्ह्याबरोबर गावची कुत्री, मांजरं, घारी, सगळ्यांच्या पोटात गेलं असतं, आणि गुन्हा झाला असता तो वेगळाच.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. ट्रॉल्या, गेट, शेड अशी मोठी कामं करणारा माणूस एवढ्याशा कामाला कशाला येईल, असं मला वाटलं होतं. तुम्ही एम-एटीवर ग्राइंडरची पिशवी टांगून आलात. उकरलेल्या जागेजवळ उकिडवं बसून आधी माती बघितलीत, आणि माप घ्यायच्या आधी सासूबाईंना विचारलंत, "आक्का, ह्यास्नी बसायला उठायला काय आवडतं?" आतापर्यंत हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. सासूबाई तुमच्याशी किती वेळ बोलत बसल्या! सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसती केसाळ कातडी असते, हे त्यांनी सांगितल्याबरोबर तुम्ही जाळीच्या तळाचा बेत मोडून फळीचा तळ केलात.

पिंजरा कसा बांधला ते सगळं लिहीत नाही, पण ज्यांच्याकडं ससे किंवा कोंबड्या आहेत त्यांनी दोन गोष्टी वाचाव्यात. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडून केलेली चौकोनी भोकांची जाळी, तीही जाड तारेची (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे मला तात्यांनी शिकवलं), म्हणजे मुंगसाचं डोकं शिरत नाही आणि कुत्र्याच्या दातानं तुटत नाही. आणि बुडाला जाळीची झालर, बाहेरच्या अंगाला हातभर आडवी पसरून वर माती-दगड. कोल्हं नेमकं कुंपणाच्या बुडाशीच उकरतं, तिथं जाळी लागली की मागं सरून लांबून सुरुवात करायचं त्याच्या डोक्यात येत नाही. पुण्याच्या भाच्यानं मला तांबड्या कोल्ह्याचे विलायती व्हिडिओ पाठवले होते. तो प्राणी आपल्या भागात नाही. आपल्या उसात असतं ते करड्या-पिवळ्या अंगाचं कोल्हं, आणि माण-खटावच्या माळावर त्याहून लहान खोकड. पण उकरायची रीत सगळ्यांची एकच. रात्रीसाठी तुम्ही लाकडी बंद खोकंही केलंत, "दिसलंच न्हाय तर भ्याल कशाला" म्हणून.

हे सगळं चांगल्या कारागिराचं काम झालं, आणि त्याचे पैसे मी दिले. पण मी पत्र लिहितेय ते त्यानंतरच्या पाऊण तासासाठी.

काम संपलं होतं. वायर गुंडाळून झाली, हिशेब झाला, दिवस कलला. मला वाटलं निघालात. तर तुम्ही शर्टाची बाही वर केलीत, दारातून खांद्यापर्यंत आत शिरलात आणि जाळीवरून उघडा तळहात फिरवायला लागलात. आतल्या बाजूनं. एक अंग झालं की दुसरं, मग छत, मग कोपरे. कुठं तारेचं टोक टोचलं की थांबायचं, कानस घेऊन घासायचं, आणि पुन्हा तिथंच हात फिरवून बघायचं. मी हातमोजे आणू का विचारलं, तर म्हणालात, "मोज्याला काय कळतंय ताई? टोचलं पायजे, तवा समजंल." मी म्हटलं, तात्या, कोल्हं तर बाहेरून येणार. तुम्ही आतूनच बोललात, "कोल्हं यील एक रात. ह्यांनी मातूर रोज हितं नाक घासायचं."

तात्या, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, तुम्ही किती नेमकं बोललात. सशाच्या हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. नवी जागा दिसली की तो हनुवटी घासत फिरतो, ही जागा माझी म्हणून. एखादं टोक राहिलं असतं तर पहिल्याच दिवशी चिमीची कातडी फाटली असती. सशाच्या जखमेत गळू झालं तर त्याचा पू घट्ट असतो, वाहून जात नाही, बरं होता होत नाही. अशा बारीकशा ओरखड्यापायी ससे दगावतात. आम्ही सगळे, मीसुद्धा, बाहेरून येणाऱ्याचाच विचार करत होतो. आत राहणाऱ्याचा विचार तुमच्या हातानं केला. तळहातावर तांबड्या रेघा उठल्या होत्या. सासूबाईंनी हळद आणायला सांगितली आणि तुम्ही मुकाट्यानं लावून घेतलीत.

तेव्हापासून मला अशी माणसं आठवत राहतात. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा वॉर्डातली मावशी रोज सकाळी त्यांची वेणी घालून द्यायची. ते तिच्या कामात नव्हतं, पण वेणी घातली की सासूबाई आरशात बघायच्या आणि मग गोळ्या घ्यायच्या. आपल्या भागात ऊस तोडताना बिबट्याची पिल्लं सापडतात. टोळी कोयते खाली ठेवते, वनखात्याची माणसं पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून लांब थांबतात आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. दिवसाच्या खाड्याचे पैसे बुडतात ते त्या तोडणीवाल्यांचे, ज्यांच्या हातात आधीच काही नसतं. चांगुलपणावर भाषणं ठोकणारे खूप ऐकले मी. पण हा असला चांगुलपणा कुणी बघत नसताना होतो, बिलात चढत नाही, आणि ज्याच्यासाठी केला त्याला साधं बोलताही येत नाही. मला त्याचं मोल फार वाटतं. तुम्हाला सांगायचं होतं ते हेच.

इकडची खबर सांगते. कोल्हं पुन्हा येऊन गेलं. रात्री चिमीनं मागचा पाय आपटला, धप्प धप्प, आम्ही बॅटरी घेऊन बाहेर आलो. झालरीवर नखांचे ओरखडे आणि थोडी उकरलेली माती, एवढंच. ती सकाळी नेहमीसारखी हरळी खात होती. ससा एकटा ठेवू नये म्हणून तिला जोडीदारीण आणली आहे. दोघी पहिले काही दिवस भांडल्या, आता एकमेकींचे कान चाटतात. पावसाळ्याआधी अँगलला रेड ऑक्साइड मारायला सांगितलंत, ते लक्षात आहे.

आणि एक काम आहे. पिंजरा बघून खालच्या वस्तीवरच्या दोघांना कोंबड्यांसाठी तसाच हवाय. मी तुमचा नंबर दिलाय. माझ्याकडून तुम्ही झालरीच्या जाळीचे पैसे घेतले नाहीत, हे बिल पुन्हा बघितल्यावर कळलं. त्यांच्याकडून घ्या, आणि येताना माझ्याकडचे राहिलेलेही घेऊन जा. सासूबाईंनी बजावलंय, जेवल्याशिवाय सोडायचं नाही.

तुमची,
उसातल्या वस्तीवरची ताई