गुरुवारच्या दोन तासांबद्दल

प्रिय मावशी,
प्रभूच्या नावानं सलाम.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही “आधी चहा टाक” म्हणता आणि विषय संपवता. म्हणून हे उघड पत्र. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्यांनीही ते वाचावं. तुम्ही आमच्याकडे नेमकं काय करत होता, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नाही.

पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा बायबलच्या शिक्षणासाठी माझं पुण्याच्या सेमिनरीत जाणं ठरलं होतं. त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. आईनं नोकरी सोडली असती तर नेरूळच्या घराचे हप्ते कोण भरणार? मी थांबले. भेटायला येणारे मनापासून प्रार्थना करायचे आणि निघताना “कधीही हाक मार” म्हणायचे. तुम्ही एकट्याच वेगळं बोललात. “गुरुवारी येईन, दोन ते चार. उचलणं माझ्याच्यानं होणार नाही. औषधांचं मला विचारू नका, ते डॉक्टरांचं काम.” आईला ते जरा कोरडंच वाटलं होतं.

पण “कधीही” म्हणणाऱ्यांना हाक मारताना जीभ अडखळते, गुरुवारसाठी हाक मारावीच लागत नाही. नर्सच्या नोकरीतलं सगळं तुम्ही त्या दोन तासांत माझ्या हातांत उतरवलंत. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती नको. पोटऱ्यांखाली उशी अशी सारायची की टाचा अधांतरी राहतील. भरवताना पाठ ताठ, घास डाव्या गालात, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवल्यावर लगेच आडवं करायचं नाही. पप्पांच्या पाठीला एकही जखम झाली नाही, मावशी. ज्यांनी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

उचलायला नाही म्हणण्यामागचं कारण तुम्ही नंतर हसत सांगितलंत. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, देवाच्या मंडपाची सेवा करणाऱ्या लेवी लोकांना पन्नाशीनंतर सेवेच्या कष्टातून मोकळं करायला सांगितलंय, भावांना मदत मात्र करत राहायची. “देवानंच रिटायर केलंय, मी कोण मोडणार?” आमच्याकडे सेवा म्हणजे मोडेपर्यंत राबणं असं समजणारे पुष्कळ आहेत. नाताळच्या कॅरल राउंडपासून महिला मंडळाच्या जेवणापर्यंत तीच चार माणसं धावत असतात आणि आपण त्यांचं कौतुक करतो. तुमच्यासारखी आपली सीमा ओळखून तिच्या आत चोख राहणारी बाई आम्हाला विचित्र वाटते.

सगळ्यात मोठं ऋण मात्र एका वेगळ्याच गुरुवारचं. एक पाहुणे म्हणाले, “मुलीनं घरी राहून बापाचं करावं हीच देवाची इच्छा, सेमिनरीचं खूळ आता सोड.” तुम्ही पप्पांचं तोंड पुसत होता. मान वर न करता म्हणालात, “बाप आजारी पडला ही हद्द तिला आखून मिळाली. शिकू नये, हे कुंपण तुमचं.” पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला.

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, असं मी तुम्हाला नंतर विचारलं. देवानं आखलेल्या हद्दीच्या आत काम असतं, असं तुमचं उत्तर. दावीद राजाला मंदिर बांधायला मनाई झाली, तरी खिळ्यांसाठी लोखंड आणि गंधसरूची लाकडं त्यानंच जमवून ठेवली. बांधलं त्याच्या मुलानं, शलमोनानं. प्रेषित पौलाला पवित्र आत्म्यानं आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगू दिलं नाही, बिथुनियात शिरू दिलं नाही, तेव्हा तो त्रोवसला उतरला, तिथून मासेदोनियाला गेला आणि फिलिप्पैत त्याला वचन ऐकून विश्वास ठेवणारी लुदिया भेटली. माणसाचं कुंपण नुसतं “नको” म्हणतं, आत करायला काही ठेवत नाही. मी हे सेमिनरीत शिकले असते की नाही, शंकाच आहे.

आणि बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय. पप्पांची सगळी नोकरी इथल्या धारण तलावांच्या दारांवर गेली. भरती आली की ती दारं खाडीचं पाणी अडवतात, ओहोटीला उघडतात आणि साठलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. म्हणून भरतीच्या पातळीहून खाली असलेले नवी मुंबईचे नोड, म्हणजे इथल्या वसाहती, पावसाळ्यात तगून राहतात. देवानं समुद्राला दारं आणि अडसर लावून इथवरच ये म्हणून बजावलं, हे तुम्ही वाचलंत तेव्हा पप्पा डाव्या हातानं पलंगावर थापा मारायला लागले. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसले. तुम्ही तोच भाग दोनदा वाचलात आणि चारच्या ठोक्याला पर्स उचललीत.

आता पप्पा खुर्चीत बसतात, “पाणी” आणि “बस” एवढं बोलतात. सेमिनरीचं पुढच्या वर्षी जमेल का, माहीत नाही. तोवर मंगळवारी तीन ते पाच मी तुर्भ्यातल्या एका आजींकडे जाते. पोटऱ्यांखालची उशी त्यांच्या सुनेला शिकवून झाली. औषधांचं मी सांगत नाही. उचलते मात्र, कारण मला अजून पन्नाशी लागायची आहे.

तुमची,
नेरूळची पोरगी