डावा घोडा तसाच ठेवलात म्हणून

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घेतेस का" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

लालबागला तुमच्याकडे येण्याआधी आमची दुनळी ठासणीची बंदूक मुंबईत बरीच हिंडली. एका चकचकीत दुकानात तिला सरळ "खिचडी" म्हणाले. खोटं नव्हतं म्हणा. नळ्यांवर बर्मिंगहॅमचे मुकुटाचे शिक्के, उजव्या लॉकवर, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रावर, वेलबुट्टी, डावं अगदी कोरं. आपटून बार उडवणारे दोन घोडे, त्यातला उजवा विलायती, डावा दापोलीकडच्या कुठल्याशा लोहारानं ठोकलेला. दस्ता पुढे अक्रोडाचा, मागे फणसाचा. "नवी जोडी बसवून देतो, बाई, कुणाला कळतंय?" असंही ऐकून झालं. दुसऱ्या एका कारागिरानं तर न विचारताच नळ्या पॉलिशच्या चाकावर धरल्या. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या त्या नळ्या. त्यांवरचा तपकिरी रंग आणि त्यातली लाटांची नक्षी, सगळं गेलं. वर बिल दिलं! आप्पांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी परळच्या बसमध्ये मी रडले, हे घरी कुणाला माहीत नाही.

तुम्ही आधी पेपर पसरलात आणि हात धुतलेत. मग कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका घेऊन तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लॉकचा आकार काढलात, आणि निघेल तो स्क्रू त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवलात. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं एक माप सुचवलं, तरी बंदूकवाले आपापलेच आटे पाडत राहिले, त्यामुळे इथला स्क्रू तिथे चालत नाही. आधीच्या महाभागांनी तेच केलं होतं, चुकीचा स्क्रू दामटून बसवला होता. डाव्या घोड्याच्या स्क्रूपाशी तुम्ही पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंत, "लोहारबुवा".

मी म्हटलं, हा घोडा बदलूया का? तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात. "समोर नमुना एकच, तोही उजव्या हाताचा. आरशात बघितल्यासारखा उलटा घडवायचा होता त्याला. बरा जमलाय की. राहू दे." बस, एवढंच. इतक्या जणांनी तो घोडा हातात घेतला, पण तो करणाऱ्याबद्दल चांगला शब्द काढणारे तुम्ही पहिले.

मग तुम्ही चिमणीच्या ज्योतीवर त्याला काजळी धरलीत, आसावर बसवून काढलात आणि काजळी जिथे पुसली गेली तिथेच कानशीचे दोन हलके हात दिलेत. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. मिलच्या टूलरूममध्ये शिकलेलं काम. संपात मिल गेली, हात राहिले.

त्या दुकानदाराला एक सांगायचं राहिलं. बर्मिंगहॅममध्येसुद्धा नळी एकाकडे, लॉक दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे आणि नक्षी चौथ्याकडे व्हायची. अनेक हातांची बंदूक हा दोष असेल तर तिथली बहुतेक बंदूक दोषीच. आणि दुसऱ्याच्या कामाला नावं न ठेवता आपलं काम करणारी माणसं या शहरात अजून आहेत. गल्लीच्या तोंडाशी पाटी नसते, एवढंच.

फोरसिथची गोष्ट सांगितल्यावर तुम्ही किती हसलात! चकमकीची ठिणगी बघून पाखरं उडतात म्हणून स्कॉटलंडच्या एका पाद्र्यानं आघातानं पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. "पाद्र्यानं?" असं तुम्ही दोनदा विचारलंत.

आमच्या बंदुकीला बार काढायचा नाहीच. तिची भोकं बुजवलेली आहेत आणि कागदपत्रांची कथा मी सांगत बसत नाही. खंडेनवमीला गावच्या घरी तिची पूजा असते. यंदा तुम्ही आणि काकू यायचंच, दापोलीपर्यंतची गाडी माझ्याकडे लागली.

आणि तुम्ही परत पाठवलेलं पैशाचं पाकीट मी काकूंच्या हाती दिलंय. त्यांना विचारू नका, त्या सांगणार नाहीत. तसं ठरलंय आमचं.