मोत्याचं शिल्प

टोकियो

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पाथरवटाला दाखवायला तुम्ही मोत्याचा फोटो मागितलात आणि मागून आई म्हणाली, "कुत्र्याचा पुतळा? लोक काय म्हणतील?" मला एकदम भरून आलं, म्हणून फोन ठेवला. रागावले नव्हते.

सोबत सात फोटो आहेत. फाटकाशी बसून एसटीच्या रस्त्याकडे बघणारा मोत्या तुमचा आवडता, ठाऊक आहे मला. पण शिल्प तसं नका करू.

इथे शिबुया स्टेशनाबाहेर हाचिको नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचे मालक प्राध्यापक उएनो. बाबा, अगदी तुमच्या विषयातले. शेतजमिनीची आखणी, पाण्याचा निचरा हेच ते विद्यापीठात शिकवायचे. 1924च्या जानेवारीत हाचिको पिल्लू म्हणून त्यांच्या घरी आला आणि 1925च्या मे महिन्यात ते विद्यापीठातच वारले. जेमतेम सोळा महिन्यांची सोबत. पुढे जवळजवळ दहा वर्षं तो त्यांची वाट बघायला स्टेशनवर येत राहिला. 1934 साली तिथे त्याचा पुतळा उभारला तेव्हा तो स्वतः हजर होता, आणि त्यानंतरही त्याचं येणं थांबलं नाही. महायुद्धात धातूसाठी तो पुतळा वितळवला. 1948 साली त्याच शिल्पकाराच्या मुलाने नवा घडवला. आई, वडिलांनी केलेलं काम मुलाने पुन्हा उभं केलं, ते एका कुत्र्यासाठी. लोक काय म्हणाले असतील?

तिथे फोटो काढायला कायम रांग असते. मी मात्र मान खाली घालून पुढे जाते. मोत्या शेवटचे तीन दिवस फाटकापासून हलला नाही, असं आई म्हणाली होती. मी दिवाळीला येते म्हणाले होते आणि आले नाही.

परवा मुद्दाम टोकियो विद्यापीठाच्या कृषी विभागात गेले. तिथे दुसरं शिल्प आहे. हाचिको गेला त्याला 80 वर्षं झाली त्या दिवशी, 8 मार्च 2015 रोजी बसवलेलं. त्यात प्राध्यापक परत आलेत. हाचिको मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर झेपावलाय. आई, तू भाजी घेऊन यायचीस आणि मोत्या पिशवीसकट तुला ढकलायचा, अगदी तसा. मी तिथे बराच वेळ उभी होते. रडले, पण बरं वाटलं.

आपल्याला तशी झेप जमायची नाही. ब्राँझमध्ये पाय असे अधांतरी पेलता येतात. आपल्या काळ्या दगडात एवढे बारीक पाय घडवताना तुटायचीच भीती. म्हणून मला वाटतं, मोत्या निजलेला असावा. पोटाशी पाय, शेपटी अंगालगत, आणि हनुवटी तुमच्या चपलेवर. दुपारी तुम्ही पेपर वाचायचात तेव्हा निजायचा ना, तसा. तोंड घराकडे. सगळं एकाच दगडातून निघेल, सुटा भाग कुठेच नको. उजवा कान दुमडलेला हवा, चौथ्या फोटोत नीट दिसतो. फार गुळगुळीत करू नका म्हणावं, टाकीच्या खुणा राहिल्या तर केसांसारख्या दिसतील.

जागा प्राजक्ताखालची चांगली, पण ओट्याला उतार द्या. पाणी साचलं की शेवाळ धरेल, हे तुम्हाला मी काय सांगायचं! नाव, तारीख काहीच नको. आई, त्याचं पाण्याचं मातीचं भांडं तिथेच ठेव, चिमण्या येतील.

खर्चाचे पैसे मी पाठवतेय. नाही म्हणू नका, माझा हात त्याला लागू दे.

आणि हो, पाथरवटाला नमुन्याला चप्पल लागेल. डावी, जिचा अंगठा मोत्याने कुरतडला होता. आई, ती टाकली नाहीस ना?

तुमची,
मनू