शौचावाटे रक्त जाते, तपासणी पुढे ढकलू नकोस

चि. सलील यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू ओघात सांगितलेस की गेला महिनाभर शौचावाटे मधूनमधून रक्त जाते, थकवा वाटतो आणि मूळव्याधीचे मलम लावतो आहेस. तुझा अंदाज बरोबरही असेल, कारण तुझ्या वयात अशा रक्तस्रावामागे बहुतेक वेळा मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर असते. पण डॉक्टरांनी तपासून तसे सांगेपर्यंत तू तो अंदाज खरा धरू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

तुझ्या बाबांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. ज्याच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल, त्याने वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाचे निदान झाले त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठे आतडे आतून दुर्बिणीने पाहण्याची तपासणी, करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. तुझ्या बाबतीत ते वय ३६ येते. तू आज ३३ वर्षांचा आहेस आणि अजून तीन वर्षे हाताशी आहेत असे तुझ्या मनात येईल. पण हा हिशेब ज्याला कसलाच त्रास नाही त्याच्यासाठी आहे. रक्त दिसल्यावर वय किती याला अर्थ उरत नाही.

हा उतारवयातला आजार आहे या समजुतीवर आता विसंबता येत नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, १९५०च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९०च्या सुमारास जन्मलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि मलाशयाच्या कर्करोगाचा चौपट असल्याचे दिसले. चॅडविक बोझमन हा अभिनेता २०२० साली याच आजाराने गेला, अवघ्या ४३व्या वर्षी. लठ्ठपणा, बैठे जीवन, मद्य, प्रक्रिया केलेले मांस यांचा संबंध दिसतो, तरी तरुणांमधल्या वाढीचे पूर्ण कारण अजून कुणाला सापडलेले नाही. सडपातळ आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांनाही तो गाठतो, म्हणून रोज धावतोस या भरवशावर राहू नकोस.

तरुणांचे निदान पुष्कळदा उशिरा होते. रुग्णाला संकोच वाटतो, आणि समोर तरुण माणूस बसला आहे हे पाहून कधी कधी डॉक्टरही मूळव्याध म्हणून औषध लिहून देतात. म्हणून ‘वडिलांना ४६व्या वर्षी आतड्याचा कर्करोग झाला होता’ हे वाक्य तू पहिल्यांदा बोल, विचारण्याची वाट पाहू नकोस. किती दिवस रक्त जाते, शौचाची सवय बदलली आहे का, पोट दुखते का, वजन उतरले आहे का, हे न लाजता सांग. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोह तपासून घे. आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव अनेकदा लोहाच्या कमतरतेतून उघडा पडतो.

या आजारात वेळेला फार किंमत आहे. आतड्याच्या अस्तरावरील साध्या पॉलिपचा, म्हणजे लहान गाठीसारख्या वाढीचा, कर्करोग व्हायला सहसा दहा-एक वर्षे लागतात आणि दुर्बिणीने पाहतानाच तो पॉलिप काढून टाकता येतो. रोग आतड्यापुरता असताना सापडला तर शंभरातले सुमारे नव्वद रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात; दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण पंधराच्या आसपास येते. बाबा आज आपल्यात आहेत, ते त्यांची गाठ पसरण्याआधी सापडली म्हणून.

आणखी एक. लिंच सिंड्रोम म्हणजे आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष; त्यासाठी बाबांची जनुकीय तपासणी त्या वेळी झाली नव्हती. हा दोष आई किंवा वडिलांत असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, त्यामुळे बाबा आता रक्त द्यायला तयार आहेत. ताईलाही मी हे कळवले आहे.

बाबांचे जुने अहवाल सोबत पाठवते आहे, ते डॉक्टरांना दाखव. कोलोनोस्कोपीत खरा त्रास आदल्या दिवशी पोट साफ करण्याच्या औषधाचा असतो. तपासणीच्या वेळी गुंगी देतात. त्यानंतर त्या दिवशी गाडी चालवता येत नाही आणि सोबत कुणीतरी लागते. तारीख ठरली की कळव, मी येते.

तुझी,
आई