पत्र कापलंत, पण आई कशाला कापलीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतलं वाचकांच्या पत्रांचं पान वाचलं. सकाळी चहाबरोबर एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा, खात्री करून घ्यायला. कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकरांना जाऊन पन्नास वर्षं झाली, त्याच तारखेला रविवार आला आणि तुम्ही तो योग साधलात, त्याबद्दल मनापासून आभार. हल्ली एवढं तरी कोण करतं! आभार मानून झाले, आता मुद्द्यावर येते.

त्या पानावर डावीकडे, खालून दुसरं, माझं पत्र आहे. म्हणजे खाली नाव माझं आहे. मजकूर माझा आहे असं मला शपथेवर सांगता येणार नाही. मी चांगली दोन फुलस्केप पानं लिहून पाठवली होती. छापून आल्यात दोन ओळी: 'खानोलकरांच्या कादंबऱ्या वाचताना मन उदास होते. कोकणातली कातरवेळ डोळ्यांपुढे उभी राहते.' आणि वर मथळा, 'हुरहुर लावणारा लेखक'.

अहो, माझं वाक्य होतं ते असं: 'खानोलकरांच्या कादंबऱ्या वाचताना मन उदास होते, कोकणातली कातरवेळ डोळ्यांपुढे उभी राहते, असे जे उठसूट म्हटले जाते ते मला मुळीच पटत नाही.' अर्ध्यावर पूर्णविराम देऊन तुम्ही मोकळे झालात. जागेची अडचण असते, मला कळतं. पण एवढी अडचण होती तर 'मुळीच पटत नाही' एवढंच छापायचं होतं, तेही चाललं असतं. सकाळपासून ओळखीच्या बायकांचे फोन येतायत, 'अगदी आमच्या मनातलं लिहिलंस गं!' त्यांना काय सांगू?

बाकीची पत्रं मात्र तुम्ही ऐसपैस छापलीत. घोडबंदर रोडच्या एका वाचकांनी तेविसाव्या मजल्यावरच्या गॅलरीत, पावसात, कॉफीचा मग हातात घेऊन खानोलकर कसे 'अनुभवावे' ते सांगितलंय. माझं म्हणणं, अनुभवा, पण जरा वाचाही. आणखी एकांनी 'रात्र काळी, घागर काळी' कोकणकन्येच्या खिडकीत बसून वाचली आणि बाहेरचा निसर्ग पानोपानी भेटत गेला म्हणे. कोकणकन्या ठाण्याहून रात्री उशिरा सुटते. खिडकीबाहेर जे काही दिसतं त्याला आम्ही काळोख म्हणतो. शिवाय त्यांचा प्रवास ऐन गणपतीतला. त्या दिवसांत खिडकीची जागा मिळाली कशी, यावर त्यांनी लिहिलं असतं तर आम्हा ठाणेकरांच्या जास्त उपयोगी पडलं असतं. एका बाईंनी तर घरात बाळंतीण असताना ही पुस्तकं ठेवूच नयेत, मनावर परिणाम होतो, असा सल्ला दिलाय. यावर मी काही बोलत नाही.

सगळ्या पत्रांचा सूर एकच. गूढ, गहिरं, उदास, ओलं. जणू त्या माणसाने आयुष्यभर फक्त हवामान लिहिलं.

आता तुम्ही काय कापलंत ते सांगते. माझ्या पत्राचं दुसरं पान आईचं होतं.

आई वेंगुर्ल्याकडची, शाळा चौथीपर्यंत. वडील गेल्यावर ती माझ्याकडे नौपाड्यात राहायला आली. दुपारची तिला करमायचं नाही, म्हणून मी मराठी ग्रंथसंग्रहालयातून तिच्यासाठी पुस्तकं आणायची. १८९३ सालची आपली संस्था, तिने आईसारख्या किती जणींच्या दुपारी निभावल्या असतील. त्यात एकदा खानोलकरांची कादंबरी 'चानी' आणली. आपल्याकडचा लेखक आहे, आवडेल, एवढाच विचार. आईची वाचायची पद्धत ठरलेली होती. स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायचं, समोर ताटात तांदूळ. एक पान वाचायचं, ओळीखाली बोट ठेवून, पुटपुटत, मग मूठभर तांदूळ निवडायचे, मग पुढचं पान. पुस्तकावर पांढरा कोंडा पडायचा तो मी परत देण्याआधी फडक्याने पुसायची.

'चानी'त ती पोर येते, गोऱ्या कातडीची, घाऱ्या डोळ्यांची, गावाने बाहेर टाकलेली. आई दहा-पंधरा पानांनंतर थांबली आणि मला हाक मारून विचारलं, "गो, ह्या चेडवाक जेवूक कोण घालता?"

मी काहीतरी सांगितलं. तिचं एकटेपण, गावाची नजर, जे आपण पुस्तकांबद्दल बोलतो ते. आई म्हणाली, "एकटा आसला म्हणान पोट चुकता काय?" आणि परत वाचायला लागली.

संध्याकाळी तिने मला एक हकिगत सांगितली, जी तोवर कधी सांगितली नव्हती. त्यांच्या वाडीत एक बाई होती, नवऱ्याने टाकलेली. तिच्याबद्दल काय काय बोललं जायचं ते आईने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे खोपट बांधून राहायची. आई लहान असताना आजी त्या बाईसाठी आईच्या हाती करवंटीतून पेज द्यायची. आईने ती न्यायची, गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवायची, एक हाक मारायची आणि मागे न बघता परत यायचं. पेज रोज जायची, पण तिच्याबरोबर मासळी द्यायची नाही असा घरात दंडक होता. का, तर चटक लागेल. मग मागायला दारात येईल. एकदा आईने भाजलेल्या बांगड्याचा तुकडा पेजेत खाली दडवून नेला. कोणीतरी बघितलं आणि घरी आल्यावर तिला शिमटीने मार बसला. मिरग लागला की व्हाळ भरायचा आणि पलीकडे जाता यायचं नाही. "मगे?" म्हणून मी विचारलं. आई म्हणाली, "मगे काय? खयचा कोण जाता?"

त्या रात्री आई उदास वगैरे झाली नव्हती. तिने भांडी घासताना एवढा आवाज केला की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. चांगलीच भडकली होती ती, आणि वयाच्या त्या टप्प्यावर कोणावर भडकायचं ते तिला कळत नव्हतं. पुस्तक तिने शेवटपर्यंत वाचलं आणि परत देताना म्हणाली, "ह्येचा आणखी काय गावला तर हाड." हाड म्हणजे आण.

ही वाचकाची प्रतिक्रिया, संपादक महाशय. ही तुम्ही कापलीत आणि कॉफीचा मग ठेवलात.

खानोलकरांनी कुडाळला खाणावळ चालवली होती हे तुमच्याच पानावर चौकटीत छापलंय. चरित्रातली गंमत म्हणून. खाणावळ, मग मुंबई, आकाशवाणी, सेहेचाळिसाव्या वर्षी मृत्यू, असं सगळं एका दमात. पण ज्याने खाणावळ चालवली, त्याला कोणाच्या ताटात काय पडतं आणि कोणाच्या पडत नाही, हे ठाऊक असणारच ना? तो माणूस कादंबरी लिहायला बसला की नुसता समुद्राचा आवाज ऐकतो, असं कसं होईल? खाणावळीचा आणि त्या कादंबऱ्यांचा काही संबंध असेल असं पानभर पत्रांत एकाच्याही मनात आलं नाही. माझ्या आईच्या आलं, तेही तिला खाणावळीचं माहीत नसताना.

'कोंडुरा'बद्दल तर बोलायलाच नको. कोंडुरा ही खरी जागा आहे, वेंगुर्ल्याजवळ, समुद्र कपारीत शिरून घुमतो. तिथे जाऊन फोटो काढून आलेल्यांची दोन पत्रं तुम्ही छापलीत. कादंबरीत काय आहे? देवाचं देणं मिळालंय असं समजून एक माणूस घरी येतो आणि आपल्याच बायकोच्या जन्माची माती करतो. १९६६ सालचं पुस्तक आहे आणि आज टीव्ही लावला तर अशी माणसं भेटतात. श्याम बेनेगलांनी १९७८ साली त्यावर हिंदीत सिनेमा काढला आणि तेलुगूतही. तेलुगू माणसाला काय आपली कोकणातली कातरवेळ समजावून सांगायला गेले होते? त्याला कळलं ते त्या बायकोचं कळलं. भाषा लिरिकल आहे, मान्य, शंभरदा मान्य. पोळणारं भांडं धरायला फडकं लागतं, म्हणून कोणी फडक्याचंच कौतुक करत बसत नाही.

आता राहवत नाही म्हणून आणखी एक. उजवीकडच्या तिसऱ्या पत्रात 'कवयित्री आरती प्रभू यांचाही या निमित्ताने उल्लेख व्हायला हवा होता' असं छापलंय. वाचकाला माहीत नसेल, त्याला दोष देत नाही. पण तुमच्या कचेरीत एवढी माणसं, माझ्या पत्रातली दोन पानं शोधून शोधून कापणारी, त्यातल्या एकालाही माहीत नाही की आरती प्रभू म्हणजे खानोलकरच? 'जोगवा', 'दिवेलागण' हे कवितासंग्रह त्यांचेच. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७८ साली, ते गेल्यावर दोन वर्षांनी. 'ये रे घना' तुम्ही दर पावसाळ्यात पुरवणीत आळवता. पन्नासाव्या स्मृतिदिनी माणसाची बाई करून त्याच्याच शेजारी बसवलीत.

आणि पानावरचा तो मोठा फोटो. माडांची रांग, संथ पाणी, त्यात हाऊसबोट. ते केरळ आहे.

मी तुमच्या अंकाची जुनी वाचक आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून घरात दुसरा पेपर आलेला नाही, पुढेही येईल असं वाटत नाही, सवय वाईट असते. त्यामुळे पेपर बंद करते वगैरे धमकी देत नाही. खुलासा छापा, दिलगिरी छापा, असंही म्हणत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापाल, आणि तो कोपरा कोणी वाचत नाही. फक्त हेही पत्र तुम्ही कापणार हे धरून चालले आहे, तेव्हा एक विनंती: सुरुवात कापा, शेवट कापा, माझे टोमणे सगळे कापा, मधली आई ठेवा. तिचं बोलणं आहे तसं मालवणीत ठेवा. बांगड्याचा तुकडा तर ठेवाच.

नाव छापू नये. काल छापलंत तेवढं पुरे झालं.

आपली,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)

ता. क. शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर रविवारी, असं कोड्याखाली तुम्हीच छापता. काल ते आलेलं नाही, त्या जागी कुठल्याशा टॉवरमधल्या फ्लॅटची जाहिरात आहे. आमच्या घरात आडवा सतरा अडला आहे आणि यजमान कालपासून त्यावरून माझ्याशी वाद घालतायत. तेवढं उत्तर उद्याच्या अंकात द्यावं.